उलट्या यंत्राचा मास्तर

वेनिअमिन साव्विच मोक्रूशिन यांनी तीस वर्षं केबल कारखान्यासाठी यंत्रचालक घडवले, आणि त्या तीस वर्षांत स्वतः तारेवर वीतभरही प्लास्टिक चढवलं नाही. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही. आमच्या शाळेत निम्म्या लोकांची तीच गत होती. मी पोरांना भाषा आणि साहित्य शिकवत असे, आणि मीही कधी कादंबरी लिहिली नाही. फरक इतकाच, की माझी पोरं शाळा संपवून कादंबऱ्यांच्या कारखान्यात कामाला जात नसत.

उस्त-काल्वात कारखाना एकच आहे आणि त्याला माणसं पुरवणारी शाळाही एकच. मी लागलो तेव्हा दारावर 'व्यवसाय शाळा क्रमांक चौदा' अशी पाटी होती. मग ती उतरवून 'लायसियम' अशी पाटी आली, मग तीही उतरवून 'तंत्रमहाविद्यालय'. तिन्ही पाट्यांचे खिळे त्याच चार भोकांत बसले. आतलं यंत्रही तेच राहिलं.

यंत्र म्हणजे प्लायवूडचं यंत्र. खऱ्या कारखान्यात तांब्याची तार रिळावरून सुटते आणि यंत्राच्या तापलेल्या डोक्यातून जाते. तिथे वितळलेलं प्लास्टिक तिच्यावर चढतं. पुढे पाण्याच्या पन्हाळीत ती निवते, मग ठिणगीच्या पेटीतून जाते. कुठे तांबं उघडं राहिलं असेल तर ही पेटी बोंब मारते. शेवटी तार ड्रमवर गुंडाळली जाते. चालकाच्या हाताशी दोन चाकं असतात. एक प्लास्टिक ढकलतं, दुसरं तार ओढतं. ढकल जास्त झाली तर तारेवर गोळा येतो, त्याला आमच्याकडे 'बटाटा' म्हणतात. ओढ जास्त झाली तर तार नागडी. सगळी विद्या एवढीच, पण कुठलं चाक कुठल्या बाजूला हे डोक्याला ठाऊक असून भागत नाही, हाताला ठाऊक असावं लागतं.

मास्तरांच्या यंत्रात हे सगळं होतं. डोक्याच्या जागी रंगवलेली बादली, तारेच्या जागी कपडे वाळत घालायची दोरी, ठिणगीच्या पेटीत सायकलची घंटी. यंत्र चालू झाल्याचा आवाज मास्तर तोंडाने काढत. आधी खालच्या सुरात, मग ताप चढेल तसा वर वर. शेजारच्या वर्गात मी पोरांना एखादी मरणघटिका समजावून सांगत असे, तेव्हा भिंतीपलीकडून तो आवाज येई आणि पोरं हसत. माझ्या विषयाला याहून चांगली दाद मिळाल्याचं मला आठवत नाही.

उणीव एकच होती. यंत्र उलटं होतं.

कारखान्यातली प्रत्येक लाइन उजवीकडून डावीकडे चालते. प्लायवूडची डावीकडून उजवीकडे चालत असे. हे कसं झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. एकोणऐंशी साली सव्वीस वर्षांचे मोक्रूशिन कारखान्याकडे यंत्राचा नकाशा मागायला गेले. नकाशा ट्रेसिंग कागदावर होता. पण गुपितं राखण्याचं काम पहिल्या विभागाकडे होतं, आणि तिथल्या माणसाने नकाशावरचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक आकडा ब्लेडने कापून काढला, म्हणजे शत्रूच्या हाती पडला तरी काही कळू नये. मोक्रूशिनांच्या हाती पडला तेव्हाही काही कळलं नाही. कागद पारदर्शक, अक्षर एक नाही, नुसती चाळण. त्यांनी तो टेबलावर पालथा पसरला, सुतारकामाच्या वर्गाला हाताशी घेतलं आणि दोन महिन्यांत यंत्र उभं केलं.

कारखान्यात जाऊन एकदा खरी लाइन बघून यावं, असं त्यांना वाटलं नाही. "तिथे वास फार येतो," ते म्हणत.

पहिली तुकडी कारखान्यात गेली आणि पहिल्याच दिवशी इतके बटाटे निघाले की विभागप्रमुखाने शाळेत फोन केला. तेव्हा मी कार्यालयातच होतो.

"वेनिअमिन साव्विच, तुम्ही सगळी डावखुरी पोरं वेचून घेतली की काय?"

"डावं-उजवं हा तपशील झाला," मास्तर म्हणाले. "आम्ही तत्त्व शिकवतो."

"तत्त्व डावीकडून चालतं का मग?"

"तत्त्व कुठूनही चालतं."

यानंतर एखाद्याने यंत्र फिरवून घेतलं असतं. सुताराचं आठवडाभराचं काम. पण यंत्र फिरवणं म्हणजे ते उलटं होतं हे मान्य करणं, आणि तोवर ते जिल्ह्याच्या प्रदर्शनात दुसरं आलं होतं. मास्तरांनी त्याऐवजी एक पुस्तिका लिहिली. तीत 'तत्त्व' हा शब्द एकेचाळीस वेळा आला आहे. मुद्रितं मी तपासली होती, म्हणून माहीत आहे.

कारखान्याने आपला मार्ग काढला. शाळेतून आलेल्या प्रत्येकाच्या उजव्या मनगटाला लाल चिकटपट्टी बांधायची. लाल हात ढकलायचा, दुसरा ओढायचा. महिनाभराने जुने चालक ती पट्टी सुरीने कापत, त्यावर वोदका होई, आणि पोरगं 'सुलट' झालं असं जाहीर करत. तोवर त्याला 'उलटा' म्हणत. तीस वर्षांत ही रीत इतकी मुरली, की आपण एक चूक सांभाळतोय हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. बापाने लेकाला सांगावं, "पट्टी सुटेस्तोवर आमचं लग्नही ठरलं नव्हतं." एखाद्या मूर्खपणाला पुरेसा वेळ दिला की त्याचा सण होतो, एवढं मी उस्त-काल्वात शिकलो.

मास्तरांना गावात मान होता. करड्या रंगाचा डगला, खिशात घडीची मोजपट्टी, हातात टोकाला रबर लावलेली काठी. दुकानात रांगेत उभे असले की पंचेचाळिशीचे, हातावर भाजल्याचे डाग असलेले बाप्ये बाजूला होत आणि म्हणत, "मास्तर, तुम्ही पुढे व्हा." त्यांनी घडवलेली माणसं रोज कोसभर तार काढत होती. मास्तर पुढे होत. नको म्हणताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

त्यांच्या कागदांवर यंत्रचालकाची पाचवी श्रेणी होती. जुन्या मुख्याध्यापकांनी वाढदिवसाची भेट म्हणून ती लिहून दिली होती.

मग दोन हजार नऊच्या शरदात वरून फर्मान आलं. जो शिकवतो त्याने शिकणाऱ्याचं काम खऱ्या यंत्रावर, समितीसमोर, स्वतः करून दाखवावं. ज्याला जमणार नाही तो मास्तर राहणार नाही. आमच्या मुख्याध्यापिका अन्फीसा ल्वोव्ना यांनी शिक्षकांच्या खोलीत फर्मान वाचून दाखवलं. ते संपल्यावर सगळ्यांनी मोक्रूशिनांकडे न बघण्याचा इतका प्रयत्न केला, की तेवढ्याने त्यांना सगळं कळलं.

"मार्चमध्ये आहे," बाईंनी सांगितलं. "घाबरण्यासारखं काही नाही, वेनिअमिन साव्विच. कुणाला घराबाहेर काढणार नाही. खाली कोटघरात जागा रिकामी आहे."

कोटघर म्हणजे तळमजल्यावरचा तो कठडा, जिथे हिवाळ्यात पोरांचे कोट घेऊन त्यांना नंबराचं टोकन द्यायचं. आधीची म्हातारी वसंतात वारली होती. निवृत्तीला मास्तरांची तीन वर्षं उरली होती. ती तीन वर्षं त्या कठड्यामागे काढायची, तीही अशा पोरांचे कोट टांगत जी कालपर्यंत 'मास्तर' म्हणत होती. एवढं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कारखान्यातल्या खऱ्या लाइनचा रस्ता धरला.

तिथे रिम्मा मिन्नुलिना होती. शहाऐंशीच्या तुकडीतली, त्यांचीच विद्यार्थिनी, आता चार नंबरच्या लाइनवरची मुख्य चालक. तिने काढलेली तार तपासनीस बघतसुद्धा नसत. आमच्या गावात एखाद्या माणसाबद्दल याहून मोठं काही बोलत नाहीत. पुढचं संभाषण मला तिनेच सांगितलं, आणि तिला सजवून सांगायची सवय नाही.

"काय मास्तर, वाट चुकलात?"

"तुझं काम कसं चाललंय ते बघायला आलो."

"तेवीस वर्षं चाललंय."

मास्तर पन्हाळीतल्या पाण्यावर वाकले. "एक फर्मान आलंय," ते म्हणाले.

"माहीत आहे. गाव केवढं ते."

"तसं मला तत्त्व ठाऊक आहे. नुसता सराव नाही."

"शनिवारी या," रिम्मा म्हणाली. "एकच पाळी असते. आणि डगला घालून येऊ नका, चाकात अडकेल."

शनिवारी तिने आधी त्यांच्या उजव्या मनगटाला लाल चिकटपट्टी बांधली. तीस वर्षांत कारखान्याने किती मनगटांना बांधली असेल, त्यातलं हे पहिलंच, ज्याच्यामुळे बाकीच्यांना बांधावी लागली. लाइनवरचे लोक काम सोडून बघायला आले.

"मास्तर, आवाज तोंडाने काढा," कुणीतरी म्हणालं. "नाहीतर चालू व्हायचं नाही हे."

"घंटी आणलीत ना सायकलची?"

मास्तर चाकांपाशी उभे राहिले. त्यांनी ढकलायचं ते ओढलं आणि पहिल्याच मिनिटाला बटाटा काढला. पण पुढच्या शनिवारी ते परत आले, आणि त्याच्या पुढच्याही. नोव्हेंबरात त्यांचं बोट भाजलं. डिसेंबरात चाळीस मीटर गोल, गुळगुळीत तार निघाली. तिचा हातभर तुकडा कापून त्यांनी खिशात ठेवला. छप्पन्नाव्या वर्षी हा माणूस काहीतरी शिकत होता, आणि ते बघायला वाईट नव्हतं. एवढं मान्य करून मी पुढे जातो, कारण हे फार दिवस टिकलं नाही.

जानेवारीत त्यांना साक्षात्कार झाला. इतकी वर्षं यंत्र उलटं होतं, हे त्यांना कळलं. म्हणजे ऐकलं हजारदा होतं, आता कळलं. त्यांनी दुसऱ्या वर्षाची पोरं गोळा केली, करवती काढल्या आणि प्लायवूडचं यंत्र कापून, फिरवून, नव्याने उभं केलं. फळ्यावर 'चूक सुधारली' असं लिहिलं आणि ते कुणाला पुसू दिलं नाही. तिसऱ्या वर्षाची पोरं बिचारी जुन्या सवयीने डाव्या हाताने ढकलायला जात, तर रबर लावलेली काठी त्यांच्या बोटांवर बसे.

"उजव्याने ढकल, डाव्याने ओढ. कितीदा सांगायचं?"

"मास्तर, दोन वर्षं तुम्हीच तर..."

"मी काय सांगितलं होतं ते विसर. बरोबर ते बरोबर, चूक ती चूक."

आम्हालाही जेवणाच्या खोलीत दुसरा विषय राहिला नाही. कोबीचं सूप पुढ्यात आलं की मास्तर चमचा उजव्या हातात धरून दाखवत आणि ढकल म्हणजे काय ते समजावून सांगत. चुकीचे असताना ते मला बरेच कमी छळत.

समिती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. प्रांताच्या मुख्य शहराहून तीन माणसं: एक अध्यक्ष, एक फोटो काढणारा आणि एक जण ज्याचं काम शेवटपर्यंत कळलं नाही. इतिवृत्त लिहायला मला नेलं, कारण अन्फीसा ल्वोव्नांच्या मते माझं अक्षर साहित्यिक होतं.

परीक्षा चार नंबरच्या लाइनवर ठरली होती. पण अध्यक्षांना फोटो हवे होते, आणि चार नंबरची लाइन फोटोत चांगली दिसत नाही. तिच्यावर तेलाचे डाग आहेत आणि मागे भिंतीवर एक बाई आहे, तिने कपडे घातलेले नाहीत. नुकतीच कारखान्याने परदेशातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याची एक लाइन आणून बसवली होती. पांढरीशुभ्र, गोलसर कोपऱ्यांची, बटणांवर परकी अक्षरं.

"इथे घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "यंत्र ते यंत्र."

नवी लाइन डावीकडून उजवीकडे चालत होती. ज्या इमारतीतून ती उपटून आणली तिथे भिंत बहुधा दुसऱ्या बाजूला असावी. ढकल डाव्या हाताला, ओढ उजव्या हाताला. मास्तरांच्या प्लायवूडची सख्खी बहीण. कारखान्यातले अर्धे जुने चालक तिच्यापाशी उभे राहिले की बटाट्यांचं पोतं काढत. रिम्मा तिच्यावर तीन दिवस होती आणि एकही बटाटा काढला नव्हता. तिने कारणही सांगितलं: "हातांना शाळा आठवली."

तिने मास्तरांना बाजूला घेतलं. मी दोन पावलांवर वही घेऊन उभा होतो.

"मास्तर, ही उलटी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची. जुनी. डाव्याने ढकला, उजव्याने ओढा. शनिवारचं सगळं विसरा. डोळे मिटून केलंत तरी होईल."

मास्तरांनी यंत्राकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांना समजलं होतं, याबद्दल मला शंका नाही. तीस वर्षांची ती चूक चकचकीत रंग लावून, परदेशातून येऊन, त्यांना वाचवायला समोर उभी होती. त्यांनी नुसते हात मोकळे सोडायचे होते.

"नाही, रिम्मा," ते म्हणाले. "तूच मला सांगितलंस, की ते चूक होतं."

"अहो, त्या लाइनवर चूक होतं. या लाइनवर बरोबर आहे."

"असं नसतं. बरोबर ते बरोबर. मी एकदा फिरलो, आता पुन्हा फिरणार नाही."

"मास्तर, तुम्हाला कोट टांगायचेत का?"

"मी यंत्र कापून फिरवलंय," मास्तर म्हणाले. "पोरांसमोर."

रिम्माने खिशातून लाल चिकटपट्टी काढली, त्यांच्या डाव्या मनगटाला बांधायला गेली. मास्तरांनी हात मागे घेतला.

लाइन तापली. अध्यक्ष ड्रमच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथे फोटोसाठी उजेड होता, पण तिथून चालक काय करतोय ते दिसत नाही. मास्तरांनी चाकांवर हात ठेवले, आणि माझी खात्री आहे की नकळत त्यांच्या घशातून तो जुना आवाज निघाला, खालच्या सुरातला. तार सुटली. पहिले पाच-सहा मीटर ठीक गेले. मग डोक्याच्या तोंडाशी तारेवर एक लहानसा फुगवटा आला.

फुगवटा आला म्हणजे ढकल कमी करायची. ढकल म्हणजे उजवा हात. मास्तरांनी उजवं चाक थोडं मागे घेतलं. पण तिथे ओढ होती. ओढ मंदावली, फुगवटा वाढला. मास्तरांनी उजवं चाक आणखी मागे घेतलं. फुगवटा आणखी वाढला. हे फार शांतपणे चाललं होतं. एक माणूस पूर्ण विचार करून, नियमाप्रमाणे, पायरीपायरीने बटाट्याला खत घालत होता. बटाट्याचा बीट झाला, बिटाचा कोबी झाला. शेवटी त्यांनी उजवं चाक शून्यावर आणलं. तार जागीच थांबली आणि पांढरं, वाफाळतं प्लास्टिक डोक्यातून बाहेर लोंबत जमिनीपर्यंत आलं. सुरुवातीच्या टोकाला कुठेतरी तांबं उघडं राहिलं होतं, ते नेमकं पेटीत येऊन थांबलं आणि ठिणगीची पेटी ओरडली. ती घंटी नसते. तिचा आवाज गुरांच्या गाडीच्या भोंग्यासारखा असतो. मास्तर दचकले. तीस वर्षं ते पोरांना शिकवत होते, की यावेळी किणकिण होते.

रिम्माने लाल बटण दाबलं.

"हे काय?" अध्यक्षांनी लांबून विचारलं.

"बटाटा," रिम्मा म्हणाली.

अध्यक्षांनी जवळ येऊन पाहिलं आणि बुटाच्या टोकाने त्याला स्पर्श केला. "तत्त्व माहीत असावं यांना," ते विचारपूर्वक म्हणाले. "सराव नाही." मी ते शब्दशः लिहून घेतलं. फोटो काढणाऱ्याने बटाट्याचाही एक फोटो काढला.

एप्रिलच्या एक तारखेला वेनिअमिन साव्विच मोक्रूशिन कोटघरात रुजू झाले. डगला तोच होता. काठी वर ठेवून आलो असं त्यांनी सांगितलं, पण ती कठड्याखाली असे. उंच आकड्यांवरचे कोट काढायला बरी पडते. दुकानात बाप्ये अजूनही म्हणत, "मास्तर, तुम्ही पुढे व्हा." आता ते म्हणताना एकमेकांकडे बघत. मास्तर पुढे होत.

मे महिन्यात कारखान्याचं पत्र आलं. नवी लाइन जमली आहे, आणखी दोन तशाच येत आहेत. जुन्या चालकांचे हात त्यांच्यावर बसत नाहीत, तरी डावीकडून उजवीकडे चालवायला सुरुवातीपासून शिकलेली मुलं शक्य तितक्या लवकर पाठवावीत. अन्फीसा ल्वोव्नांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला उत्तर लिहायला सांगितलं. शाळेतलं यंत्र जानेवारीतच सुधारण्यात आलं आहे, असं मी साहित्यिक अक्षरात कळवलं.

मास्तरांची जागा रिम्माला मिळाली. तिला नको होती, पण गावात दोन्ही हातांना दोन्ही दिशा ठाऊक असलेली तीच एक होती. पहिल्याच आठवड्यात ती जुना नकाशा मागायला कोटघरापाशी उतरली. प्लायवूड पुन्हा फिरवायचं होतं. मी माझा कोट घ्यायला तिच्यामागे उभा होतो. मे असला तरी आमच्याकडे कोट लागतो.

"मास्तर, तो कागद आहे का तुमच्याकडे?"

होता. चार घड्या घातलेला, पोराबाळांचे दाखले ठेवतात तसा प्लास्टिकच्या पिशवीत. मास्तरांनी तो कठड्यावर पसरला. अक्षरांच्या जागी चौकोनी भोकं, आणि भोकांतून कठड्याचा हिरवा रंग दिसत होता. रिम्माने तो उचलून दिव्यासमोर धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"सुलट बाजू कुठली यातली?"

"ते पहिल्या विभागाला माहीत."

"तो कधीच बंद झाला."

"मग कुणालाच माहीत नाही," मास्तर म्हणाले, आणि मला वाटतं, तीस वर्षं बोलायचं राहून गेलेलं वाक्य ते आता बोलले.

रिम्माने कागदाची घडी केली. "मला कोट द्या माझा. आठ वाजता लाइनवर जायचंय अजून."

"टोकन?"

"अहो, दोनच कोट आहेत इथे. एक यांचा, एक माझा. आणि यांचा तर बाप्याचा."

"टोकनाशिवाय कोट देता येत नाही, रिम्मा. तत्त्व आहे."

रिम्माने सगळे खिसे उलटेपालटे केले आणि टोकन शोधून काढलं. मास्तरांनी ते उजव्या हाताने घेतलं, डाव्या हाताने कोट दिला, आणि निदान एवढ्या कामात त्यांचे दोन्ही हात अगदी बरोबर चालले. कोट मात्र माझा होता.